सुरी पोटाला, खळबळ रक्तात

मोठ्या अपघातातून वाचलेल्या माणसाच्या पांढऱ्या पेशींमधल्या किती जनुकांचं काम बदलत असेल? पाच टक्के? दहा? अमेरिकेतल्या अनेक ट्रॉमा केंद्रांनी मिळून १६७ गंभीर जखमींचं रक्त तपासलं. पहिला नमुना अपघातानंतर १२ तासांच्या आत घेतला आणि पुढचे नमुने महिनाभर टप्प्याटप्प्याने. २०११ साली उत्तर छापून आलं: ८० टक्क्यांहून जास्त! संशोधकांनी याला ‘जनुकीय वादळ’ असं नाव दिलं. गंभीर भाजलेल्या रुग्णांचं रक्त तपासलं, तर तिथेही जवळपास तोच प्रकार.

याच अभ्यासाने एक जुनी समजूत मोडीत काढली. मोठा मार बसला किंवा मोठं ऑपरेशन झालं की आधी शरीरात दाह भडकतो आणि काही दिवसांनी प्रतिकारशक्ती खचते, असा क्रम डॉक्टर शिकत आणि शिकवत आले होते. रक्ताचे नमुने वेगळंच सांगत होते. दाह भडकवणारी जनुकं आणि प्रतिकारशक्ती दाबणारी जनुकं पहिल्या काही तासांतच, एकदमच कामाला लागली होती. ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबलेली गाडी डोळ्यांपुढे आणा. ज्यांची प्रकृती पुढे बिघडली त्यांच्यातही जनुकं तीच होती. फरक फक्त बदल किती मोठा होता आणि तो पूर्वपदावर यायला किती दिवस लागले, एवढाच.

त्यामुळे ‘ऑपरेशननंतर इम्युनिटी कमी होते का हो?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारा माणूस चुकतोच. एक बाजू अति वाढते, दुसरी कमी होते. आणि ‘इम्युनिटी वाढवणाऱ्या’ पावडरीचा डबा घेऊन रुग्णाला भेटायला जाणाऱ्यांनी तर आधी विचारायला हवं की बाबा, यातली नेमकी कुठली बाजू वाढवायची आहे?

जंतू नाही, तरी एवढा गोंधळ का?

मांडीचं हाड मोडलंय, पण कातडी शाबूत आहे. आत एकही जंतू शिरलेला नाही. तरी ताप येतो, सूज चढते, पांढऱ्या पेशी वाढतात. जंतू आला की प्रतिकारयंत्रणा जागी होते हे शाळेत शिकलो, पण इथे तिला जागं केलं कोणी?

याचं उत्तर फार जुन्या काळात आहे. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रिया असतात. दीड ते दोन अब्ज वर्षांपूर्वी या मायटोकाँड्रिया म्हणजे स्वतंत्र जगणारे जिवाणू होते. आपल्या पूर्वज पेशीने त्यांना पोटात घेतलं आणि तेव्हापासून ते आतच राहिले. पण जुन्या खुणा गेल्या नाहीत. त्यांचा डीएनए आजही जिवाणूंसारखा गोल असतो, त्यांच्या प्रथिनांची सुरुवातही जिवाणूंसारखीच होते. पेशीच्या आत आहेत तोवर कोणाला पत्ता लागत नाही. मार बसून पेशी फुटल्या की हा सगळा ऐवज रक्तात सांडतो. रक्तात फिरणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्याच्याशी भिडतात आणि त्यांना वाटतं, जिवाणूंचा हल्ला झाला!

बोस्टनमधले सर्जन कार्ल हाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली ‘नेचर’मध्ये हे दाखवून दिलं. जखमींच्या रक्तात मायटोकाँड्रियाचा डीएनए निरोगी माणसांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त होता. अपघातातला जखमी आणि जंतुदोष रक्तात पसरलेला रुग्ण, दोघंही आयसीयूत इतके सारखे का दिसतात, तेच नाडीचे ठोके, तोच ताप, तेच रिपोर्ट, हे कोडं त्यामुळे बरंच उलगडलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलंच नाही. एवढ्या जुन्या पाहुण्याला शरीर अजून ओळखत नाही!

कुत्रीच्या नावाने शोधनिबंध

प्रतिकारयंत्रणा ‘आपलं’ आणि ‘परकं’ एवढंच पाहत नाही, ‘धोका आहे की नाही’ हे पाहते, असा सिद्धांत १९९४ साली पॉली मॅटझिंगर या अमेरिकी संशोधिकेने मांडला. फुटलेली, चिरडलेली पेशी स्वतःच धोक्याचा इशारा देते, हे तिचं म्हणणं तेव्हा अनेकांना पटलं नव्हतं. जखमा आणि ऑपरेशनं समजून घ्यायला आज त्याच विचाराचा आधार घेतला जातो. हीच मॅटझिंगर १९७८ मध्ये एका शोधनिबंधावर सहलेखिका म्हणून ‘गॅलाड्रिएल मर्कवुड’ असं नाव टाकून मोकळी झाली होती. एकटीने केलेल्या कामात ‘मी’ लिहायला नको वाटत होतं, आणि ‘करण्यात आले’ छापाची भाषाही नको होती. ही गॅलाड्रिएल म्हणजे तिची अफगाण हाउंड जातीची कुत्री!

तारामाशाला टोचला काटा

प्रतिकार करणाऱ्या पेशींच्या अभ्यासाची सुरुवातच एका जखमेने झाली. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी घरचे सगळे सर्कस बघायला गेले होते. प्राणीशास्त्रज्ञ एल्या मेच्निकॉफ मात्र घरी सूक्ष्मदर्शकापाशी. त्याच्यासमोर तारामाशाची पारदर्शक पिल्लं होती. त्याने बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि पिल्लांच्या त्वचेखाली खुपसले. रात्रभर त्याला झोप लागली नाही. सकाळी पाहतो तर काट्याभोवती भटक्या पेशींचा गराडा! परक्या वस्तूला गिळणाऱ्या पेशींची कल्पना तिथे पक्की झाली. १९०८ चं नोबेल त्याला आणि पॉल एर्लिख यांना विभागून मिळालं.

‘डॉक्टर, काउंट अठरा हजार झालाय!’

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा वॉर्ड. फाइल हातात धरून मुलगा राउंडची वाट पाहतोय. काल सकाळी पांढऱ्या पेशी आठ हजार होत्या, आज अठरा हजार. मोबाइलवर शोधून झालंय, आणि आईला इन्फेक्शन झालं हे त्याच्या मनाने घेतलंय. डॉक्टर रिपोर्ट बघतात, टाके बघतात, पोट दाबून बघतात आणि म्हणतात, ‘अहो, हे अपेक्षित आहे. आईंना आज खुर्चीत बसवा.’

हे अपेक्षित कसं? आपल्या अस्थिमज्जेच्या कारखान्याचं उत्पादन अफाट आहे, दिवसाला सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल. आणि रक्तवाहिन्यांत असलेल्या न्यूट्रोफिलांपैकी जवळपास निम्म्या वाहत नसतातच, त्या वाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेल्या असतात. सुईने काढलेल्या रक्तात त्या येत नाहीत. ऑपरेशनच्या ताणाने ॲड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल वाढलं की त्या भिंत सोडून प्रवाहात उतरतात. त्यातच अस्थिमज्जा राखीव साठा बाहेर सोडते. काही तासांत आकडा दुप्पट! मळमळ होऊ नये म्हणून भूलतज्ज्ञ स्टेरॉइडचं एक इंजेक्शन देतात, त्यानेही आकडा वर जातो.

सीआरपीची कहाणी अशीच. यकृतात बनणारं हे प्रथिन १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. छेद घेतल्यावर साधारण सहा तासांनी ते वाढू लागतं, दोन-तीन दिवसांत शिखर गाठतं आणि मग उतरतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १९ तासांचं, त्यामुळे कारण संपलं की आकडा भराभर खाली यायला हवा. म्हणून दुसऱ्या दिवशीच्या एकट्या मोठ्या आकड्याला फारसा अर्थ नसतो. जाणते सर्जन बघतात ती आकड्यांची दिशा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरायच्या ऐवजी सीआरपी चढत असेल, किंवा उतरून पुन्हा वर आला असेल, तर शोधाशोध सुरू. आतड्याच्या ऑपरेशनमध्ये जोड गळत असल्याची चाहूल कधी कधी पोट दुखायच्याही आधी या आकड्यातून लागते.

पहिल्या ४८ तासांतला हलका तापही बहुतेक वेळा जंतूंचा नसतो. फुटलेल्या पेशी, साकळलेलं रक्त आणि त्यांनी सोडलेली रसायनं यांचा असतो. डॉक्टरांनी तो पाहायचाच असतो. घरच्यांनी मात्र त्यावरून रडारड करायचं कारण नाही.

मग खचतं काय?

इकडे न्यूट्रोफिल वाढत असताना त्याच रिपोर्टमध्ये एक ओळ खाली पाहा. लिंफोसाइट घटलेल्या असतात. जंतूला नेमकं ओळखून त्याच्यावर खास हल्ला करणाऱ्या या पेशी. त्यातल्या काही रक्त सोडून अस्थिमज्जेत आणि ऊतींत जाऊन बसतात, काही मरतात. मोनोसाइट या पांढऱ्या पेशींचं दुखणं वेगळं. जंतूचा तुकडा लिंफोसाइटना दाखवण्यासाठी त्यांच्या पृष्ठभागावर एचएलए-डीआर नावाचे रेणू लागतात, आणि मोठ्या ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन दिवसांतच हे रेणू निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतात. कर्करोगाच्या आणि विषाणूग्रस्त पेशी टिपणाऱ्या ‘नॅचरल किलर’ पेशीही सुस्तावतात.

शरीर असं का करतं? दाहाला मोकाट सोडलं तर तो फुप्फुसं आणि मूत्रपिंडंही सोडणार नाही, म्हणून. ब्रेक गरजेचा आहे. पण ब्रेक लागलेले ते दिवस न्यूमोनियाला, लघवीच्या संसर्गाला, टाके पिकायला आयती संधी देतात. गुंतागुंत नसेल तर आठवड्या-दोन आठवड्यांत बरंचसं मार्गी लागतं. म्हणूनच, अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं: पहिल्या आठवड्यात रुग्णाच्या खाटेभोवती दहा-दहा पाहुणे नकोत. सर्दी-खोकला असलेल्याने तर फोनवरच चौकशी करावी.

कोण लवकर उठून चालू लागेल, हेही रक्त सांगतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१४ मध्ये खुब्याचा सांधा बदललेल्या ३२ रुग्णांच्या एकेका पेशीतले संकेत मोजले. ऑपरेशनच्या पहिल्या २४ तासांत मोनोसाइटच्या एका छोट्या गटात जे घडलं, त्यावरून थकवा, दुखणं आणि सांध्याची हालचाल किती लवकर पूर्वपदावर येणार यातला ४० ते ६० टक्के फरक समजावता आला. सर्जन तेच, ऑपरेशन तेच, तरी शेजारच्या खाटेवरच्या काकू आधी घरी का जातात, याचं थोडंफार कारण इथे आहे.

छेद लहान, गडबड लहान

इंटरल्यूकिन-६ नावाचं रसायन छेदानंतर काही तासांत रक्तात वाढतं, आणि ऊतींना जितकी जास्त इजा तितकं ते जास्त. दुर्बिणीतून पित्ताशय काढलं तर पोट उघडून काढण्यापेक्षा ते कमी वाढतं, लिंफोसाइट आणि मोनोसाइटही कमी बिघडतात. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी केली. लहान छेद, कमी दुखणं, लवकर सुट्टी ही त्याची ख्याती झाली. रक्तातली शांतता कोणाला दिसत नाही, म्हणून तिची चर्चा कमी.

भाताने पू होतो?

ऑपरेशन झालं की आपल्याकडे घरोघरी पथ्यं सुरू होतात. भात नको, पू होईल. आंबट नको, टाके पिकतील. डाळ नको, वांगं नको. आठवडाभर माणूस पातळ पेजेवर किंवा चहा-बिस्किटांवर.

पू म्हणजे मेलेल्या न्यूट्रोफिल, मेलेले-जिवंत जंतू आणि सडलेल्या ऊती. त्यात भाताचा काही संबंध नाही. जंतू जखमेत शिरले आणि वाढले तर पू होतो, मग पानात भाकरी असो वा भात. खरी हानी डाळ-अंडं-दूध बंद केल्याने होते, आणि हे आपल्याला ठाऊक होऊन नव्वदहून जास्त वर्षं झाली. १९३० च्या सुमारास ग्लासगोमध्ये डेव्हिड कथबर्टसन हाडं मोडलेल्या रुग्णांची लघवी तपासत होते. लघवीतून भरमसाट नायट्रोजन बाहेर पडत होतं, म्हणजे शरीरातली प्रथिनं वितळत होती. मोडलेल्या पायाच्या स्नायूंमधून एवढं निघणं शक्य नव्हतं. झीज सगळ्या अंगाची चालली होती!

का? नव्या पांढऱ्या पेशी, यकृतातली दाहाची प्रथिनं, जखमेतला कोलॅजन, या सगळ्याला कच्चा माल लागतो आणि शरीर तो दंड-मांड्यांच्या स्नायूंतून उचलतं. ऑपरेशननंतर गाल बसतात, पाय लटपटतात ते यामुळेच. बाहेरून प्रथिनं गेली नाहीत तर ही उचल वाढतच जाते. तेव्हा आजींना वाईट वाटू न देता, पण ठामपणे, वरण-भात, अंडी, पनीर, जे डॉक्टरांनी चालेल म्हटलंय ते वाढा. भातावर वरण जरा जास्तच घाला.

थंडी वाजतेय? सांगा!

ऑपरेशन थिएटर गार असतं आणि भूल दिल्यावर शरीराचा तापमान सांभाळण्याचा कारभार ढिला पडतो. १९९६ साली ऑस्ट्रियातल्या मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला. निम्म्यांना ऑपरेशनभर ऊब दिली, उरलेल्यांना त्या काळच्या पद्धतीप्रमाणे तसंच ठेवलं. दोन्ही गटांच्या तापमानात फरक जेमतेम दोन अंश सेल्सिअसचा. जखमेत जंतुदोष झाला तो ऊब मिळालेल्यांपैकी ६ टक्क्यांना आणि गारठलेल्यांपैकी १९ टक्क्यांना!

कारण सरळ आहे. गारठ्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला ऑक्सिजन कमी पोहोचतो, आणि न्यूट्रोफिल जंतू मारायला जी जहाल रसायनं बनवतात ती ऑक्सिजनपासूनच बनतात. आज मोठ्या रुग्णालयांत गरम हवा फुंकणारं फुगीर पांघरूण रुग्णावर घालतात ते यासाठी. कौतुक व्हावं तर अशा गोष्टींचं व्हावं: महागडं अँटिबायोटिक नाही, नवं यंत्र नाही, फक्त ऊब. ऑपरेशनला नेताना हुडहुडी भरली तर भिडेखातर गप्प बसू नका. सिस्टरना सांगा, पांघरूण मागा.

रक्तातली साखर हाही असाच एक सोपा धागा. ऑपरेशनच्या ताणाने मधुमेह नसलेल्यांचीही साखर चढते, आणि चढलेल्या साखरेत न्यूट्रोफिल मंदावतात. म्हणून बोटाला सारखी सुई टोचतात.

परीक्षा जवळ आली, जखम रेंगाळली

अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांनी आपल्या टाळूला दोनदा साडेतीन मिलिमीटरची जखम करून घेतली. एक उन्हाळी सुट्टीत आणि दुसरी परीक्षेच्या तीन दिवस आधी. परीक्षेच्या वेळची जखम भरायला ४० टक्के जास्त वेळ लागला. एकाही विद्यार्थ्याची त्या वेळची जखम सुट्टीतल्याइतकी लवकर भरली नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री रुग्णापुढे बिलाचा, सुट्टीचा, कोण कधी आलं नाही याचा विषय काढणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आणि भाजण्यालाही वेळ-काळ असतो! ब्रिटनमधल्या ११८ भाजलेल्या रुग्णांच्या नोंदी २०१७ साली तपासल्या गेल्या. दिवसा भाजलेल्यांच्या जखमा सरासरी १७ दिवसांत भरल्या होत्या, रात्री भाजलेल्यांच्या २८ दिवसांत. जखम शिवणाऱ्या पेशींनाही स्वतःचं घड्याळ असतं, आणि रात्री त्या जखमेकडे हळू सरकतात.

पाणथरी गेली, आता काय?

दुचाकीवरून पडून डाव्या बरगड्यांखाली मार बसला की सर्वांत आधी काळजी असते ती प्लीहेची, म्हणजे पाणथरीची. साधारण १५० ग्रॅमचा हा अवयव फुटला तर पोटात रक्तस्राव होतो आणि कधी कधी जीव वाचवायला तो काढावा लागतो. त्याविना माणूस जगतो, हिंडतो-फिरतो, म्हणून तो बिनकामाचा, असं पूर्वी वाटायचं. १९५२ साली किंग आणि शुमाकर या अमेरिकी डॉक्टरांनी पाणथरी काढलेल्या पाच तान्ह्या बाळांची हकिकत छापली. पाचही जणांना भयंकर जंतुदोष झाला होता. मग लक्षात आलं की न्यूमोकॉकससारख्या कवचधारी जिवाणूंना रक्तातून गाळण्यात पाणथरीचा हात कोणीच धरू शकत नाही. ती नसेल तर साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर उठू शकतो. मलेरियाही जास्त गंभीर होतो.

म्हणून पाणथरी गेलेल्यांना न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या जिवाणूंच्या लशी देतात, शिवाय दरवर्षी फ्लूची. ऑपरेशन ठरवून असेल तर निदान दोन आठवडे आधी. तातडीचं असेल तर सहसा दोन आठवडे थांबून, कारण ऑपरेशनच्या लगेच नंतर ब्रेक लागलेलं शरीर लशीला नीट दाद देत नाही. घरात कोणाची पाणथरी अपघातात गेली असेल आणि लशी झाल्या नसतील, तर आजच डॉक्टरांना विचारा. वर्षं उलटली असली तरी विचारा. आणि त्या माणसाला ताप आला तर सकाळपर्यंत वाट पाहू नका.

याच अवयवाची एक विलक्षण गंमतही आहे. फुटलेल्या पाणथरीचे कण कधी कधी पोटाच्या आतल्या आवरणावर जाऊन चिकटतात, तिथे रक्तपुरवठा मिळवतात आणि इवल्या इवल्या पाणथऱ्या होऊन वाढतात! कित्येक वर्षांनी भलत्याच कारणासाठी सोनोग्राफी केली की त्या गाठी दिसतात आणि सगळ्यांची झोप उडते.

लिंफोसाइट घडवणाऱ्या, छातीतल्या थायमस ग्रंथीचीही अशीच उपेक्षा झाली. हृदयाच्या पुढ्यात असल्याने त्याच्या ऑपरेशनमध्ये ती अनेकदा काढली जाते, मोठ्यांमध्ये तिचं काम संपलेलं असतं असं धरून. बोस्टनच्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये नोंदींची तुलना करून पाहिली. पाच वर्षांत थायमस काढलेल्या प्रौढांपैकी ८.१ टक्के दगावले होते, तशाच पण थायमस राखलेल्यांपैकी २.८ टक्के.

एका डोळ्याला जखम, दुसऱ्यावर संकट

डोळ्याच्या आतली काही प्रथिनं प्रतिकारयंत्रणेपासून एरवी लपलेली असतात. एका डोळ्याला खोल जखम झाली की ती उघडी पडतात. मग काही आठवड्यांनी, महिन्यांनी प्रतिकारयंत्रणा दुसऱ्या, धडधाकट डोळ्यावर चालून जाऊ शकते. तीन वर्षांच्या लुई ब्रेलच्या डोळ्यात वडिलांच्या चामड्याच्या कारखान्यातली आरी घुसली आणि पाच वर्षांचा होईतो दोन्ही डोळे गेले. त्यामागे हेच असावं असं अनेक नेत्रतज्ज्ञांना वाटतं. हा आजार फार विरळा, आणि आज स्टेरॉइडसारखे उपचार आहेत. पुरुष नसबंदीनंतरही लपलेली प्रथिनं बाहेर येतात आणि निम्म्याहून जास्त पुरुषांच्या रक्तात शुक्राणूविरोधी प्रतिपिंडं तयार होतात. तिथे मात्र तब्येतीला काही धोका होत नाही.

खचलेली प्रतिकारशक्ती कामी येते तेव्हा

१९७३ साली लॉस एंजेलिसचे गेर्हार्ड ओपेल्त्झ आणि पॉल तेरासाकी यांना आकड्यांत काहीतरी विचित्र दिसलं. किडनी बसवण्याआधी ज्यांना रक्त चढवलं होतं त्यांच्या शरीरात नवी किडनी जास्त टिकत होती. परकं रक्त प्रतिकारयंत्रणेला दाबत होतं! पुढची काही वर्षं किडनीच्या रुग्णांना यासाठी मुद्दाम रक्त दिलं जाई. १९८० च्या दशकात प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन हे औषध आलं आणि ती गरज संपली. याचीच दुसरी बाजू अशी की ऑपरेशनमध्ये गरज नसताना ‘ताकद येईल’ म्हणून रक्ताची पिशवी मागणं बरं नव्हे.

भाजलेल्यांची गोष्ट तर याहून थेट. दुसऱ्या महायुद्धात ग्लासगोच्या रुग्णालयात पीटर मेदावर आणि टॉमस गिब्सन यांनी भाजलेल्या एका स्त्रीच्या जखमांवर तिच्या भावाची त्वचा लावली. ती काही दिवसांत गळून गेली. पुन्हा लावली, तर आणखी लवकर गळाली. शरीराने पहिली ओळख लक्षात ठेवली होती. अवयव का नाकारले जातात हे १९४३ च्या त्या कामातून कळलं, आणि याच वाटेवरच्या पुढच्या कामासाठी मेदावर यांना १९६० मध्ये नोबेल मिळालं. पण भाजलेला भाग खूप मोठा असेल तर प्रतिकारशक्ती इतकी दबलेली असते की परकी त्वचा जास्त दिवस टिकते, आणि तेवढ्यात रुग्णाला उसंत मिळते. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरसारख्या ठिकाणी त्वचापेढी आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचादान करता येतं आणि रक्तगट जुळावा लागत नाही.

छेदाआधीची दहा मिनिटं

कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये हा सगळा विषय धारदार होतो. गाठ काढताना काही पेशी रक्तात निसटू शकतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्यांना टिपणाऱ्या पेशी सुस्तावलेल्या असतात. मग भूल बदलून फरक पडेल का? २,१०८ स्त्रियांवर झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीने २०१९ मध्ये सांगितलं, नाही. पाठीत मज्जातंतू बधिर करून ऑपरेशन केलं काय किंवा नेहमीची पूर्ण भूल दिली काय, स्तनाचा कॅन्सर दोन्ही गटांत १० टक्क्यांनाच उलटला.

मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी दुसरीच वाट धरली. देशातल्या ११ केंद्रांत १,६०० स्त्रिया. त्यांतल्या निम्म्यांना छेदाआधी सात ते दहा मिनिटं गाठीच्या भोवती बधिर करणारं इंजेक्शन दिलं. २०२३ मध्ये निकाल छापून आला. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शन मिळालेल्यांत ९०.१ टक्के, न मिळालेल्यांत ८६.४. संशोधकांच्या मते इथे प्रतिकारशक्तीपेक्षा कॅन्सरच्या पेशीचीच छेदाला मिळणारी प्रतिक्रिया थोपवली जाते, पेशीच्या भिंतीतली सोडियमची दारं बंद करून. औषध नवं नाही की महागही नाही. दाढ काढताना दातांचे डॉक्टर हिरडीत टोचतात, तेच लिग्नोकेन.